भाव कोण ठरवतो?

महागाईचा दोष द्यायचा कुणाला, हा प्रश्न घराघरांत रोज निघतो. म्हणूनच या अंकात आम्ही इस्लामी परंपरेने त्याची दिलेली उत्तरं मांडतो आहोत. मदिनेत भाव भडकले तेव्हा लोकांनी पैगंबरांकडे दर बांधून मागितले. भाव ठरवणारा अल्लाह आहे, कुणावर अन्याय केल्याचा ठपका घेऊन आपल्याला त्याच्यासमोर जायचं नाही, असं सांगून त्यांनी नकार दिला. म्हणजे बाजारात माणसाने हातच घालू नये, असा अर्थ अनेकांनी काढला. आम्हाला तो अपुरा वाटतो, कारण नकारामागची खरी काळजी अन्यायाची होती. धर्मपंडित इब्न तैमियाने (1263-1328) हाच धागा पकडला: माल कमी आला किंवा गिऱ्हाईक वाढलं, तर ती भाववाढ ईश्वराकडची, पण लोकांना गरज असताना माल अडवून ठेवला, तर वाजवी दराने विकायला लावणं हे राज्यकर्त्याचं कर्तव्यच.

सगळंच ईश्वरेच्छेने घडतं, तर साठेबाज दोषी कसा, असा आक्षेप येईल. पण सर्व काही ईश्वरनिर्मित मानणारे अशअरी या धर्मशास्त्रीय परंपरेतले पंडितही माणसाला त्याच्या कृतीच्या जबाबदारीतून सोडत नाहीत. पंधराव्या शतकाच्या आरंभी इतिहासकार अल-मक्रीझीने इजिप्तचा दुष्काळ तपासला. नाईलचं पाणी घटणं त्याला ठाऊक होतंच, तरी लांबलेल्या हालांचं खापर त्याने पैसे देऊन मिळवलेली सरकारी पदं, जमिनीचे चढते खंड आणि तांब्याच्या नाण्यांचा सुळसुळाट यांवर फोडलं. दर बांधले की माल बाजारातून गायब होतो, हा व्यापाऱ्यांचा मुद्दाही आम्ही गंभीरपणे घेतो. त्यावर शेतकरी, दुकानदार आणि अभ्यासक यांनी जरूर लिहावं. निवडक पत्रं पुढच्या अंकात छापू.