मागचं चाक कुठून जातं?

दोस्तांनो, संपली ना दिवाळीची सुट्टी? आमच्या घरात आता सामसूम आहे. माझी भाची मुक्ता पुण्याला परत गेली. पोचवायला मीच गेलो होतो, आणि तिथे माझी चांगलीच घाबरगुंडी उडाली!

मुक्ता सहावीत आहे. सुट्टीभर ती आजोळी, म्हणजे इथे वारणानगरला, नुसती हुंदडत होती. या दिवसांत आमच्या साखर कारखान्याचा हंगाम असतो. रस्त्याने उसाच्या बैलगाड्या, ट्रक, एकेका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या. ऊस दिसला की हात कसे शिवशिवतात, ते तुम्हाला सांगायला नकोच. मुक्ताही एका वळणावर कांडं ओढायला पुढे सरसावली. तेवढ्यात रांगेतला एक गाडीवान ओरडला, "मागं सर पोरी! फुडचं चाक गेलं म्हंजे गाडी गेली न्हवं. मागली ट्रॉली आत घेती!"

ती दचकलीच. पण मग शहाण्यासारखी लांब पायरीवर बसून बघत राहिली. खरंच की! ट्रॅक्टर वळणावरून ऐसपैस वळायचा, पहिली ट्रॉली थोडी आतून यायची आणि दुसरी तर पार कोपरा घासून जायची.

परत जायच्या दिवशी आम्ही वाठारला एसटी पकडली. कऱ्हाड गेलं, सातारा गेलं. एरवी अखंड बडबडणारी ही मुलगी गप्पच. खंबाटकीचा बोगदा ओलांडल्यावर हळूच म्हणाली, "मामा, मला नाही जायचं."

कारण काय, तर शाळेचे रिक्षाकाका आता येणार नव्हते. सोमवारपासून चालत जायचं, आणि वाटेत एक भला मोठा चौक एकटीने ओलांडायचा. आई-बाबा दोघंही सकाळी लवकर कामावर जातात. "एवढी मोठी झालीस आणि घाबरतेस?" असं म्हणतील, म्हणून ती घरी बोललीच नव्हती. आणि मी काय केलं? मी हसलो! अगदी तेच करायला नको होतं.

कात्रजच्या पुढे एसटी मुंगीच्या पावलाने चालायला लागली. बाहेर नुसते हॉर्न. मुक्ताचा चेहरा आणखी उतरला. तिचं मन रमवायला मी बँकॉकची गोष्ट काढली. थायलंडच्या या राजधानीत पूर्वी रस्त्यांपेक्षा कालव्यांचाच राबता जास्त होता. माणसं होडीने जायची. १८६०च्या दशकात तिथे मोठा रस्ता झाला, पुढे कितीतरी कालवे बुजवून त्यांचे रस्ते केले, आणि मग त्या रस्त्यांवर मोटारी मावेनात! थाई भाषेत या कोंडीला म्हणतात 'रोत तित'. रोत म्हणजे गाडी, तित म्हणजे अडकलेली. तिथल्या काही वाहतूक पोलिसांना चक्क बाळंतपणाचंही शिक्षण दिलेलं आहे, कारण दवाखान्यात पोचायच्या आधीच बाळं गाडीत जन्माला येतात. १९९९ साली खांबांवरून धावणारी रेल्वे आली, तरी रस्त्यावर 'रोत तित' आहेच.

"म्हणजे आपण आत्ता रोत तित!" मुक्ता म्हणाली. स्वारगेट येईपर्यंत तिने तो शब्द दहा वेळा तरी वापरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही रंगीत तालीम करायला त्या चौकात गेलो. मी पुढे, ती मागे. ऐटीत म्हटलं, "बघ, मामा कसा जातो ते." कोपऱ्यावर एक लांबलचक बस डावीकडे वळत होती. तिचं तोंड माझ्यासमोरून गेलं. मला वाटलं, गेली बस. मी फुटपाथवरून पाय खाली टाकला, आणि मुक्ताने माझी पिशवी धरून मला मागे खेचलं! पुढच्याच क्षणी बसचं मागचं चाक फुटपाथला घासून गेलं. जिथे माझा पाय होता, बरोब्बर तिथून.

"मामा, मागली ट्रॉली आत घेती!" ती म्हणाली. माझ्या तोंडून शब्द फुटेना.

असं का होतं? गाडी वळवताना फिरतात ती पुढची चाकं. मागची चाकं स्वतः वळत नाहीत, नुसती मागोमाग येतात, आणि मागोमाग येणारं चाक आतल्या, जवळच्या वाटेने जातं. गाडी जितकी लांब, तितकं जास्त आत. पटत नसेल तर सायकल ओल्या मातीवरून गोल फिरवा आणि उतरून चाकोऱ्या बघा. एक नाही, दोन दिसतील. आतली कुठल्या चाकाची, ते आता तुम्हीच सांगा. (माती आईच्या तुळशीजवळची नको, हं!)

मग आम्ही कोपरा सोडून चार पावलं मागे, बराच वेळ नुसते उभे राहिलो. सिग्नल किती वेळा बदलतो, पायी चालणाऱ्यांचा हिरवा माणूस दिसत असतानाही कुठल्या बाजूने गाड्या वळतात, सगळं मुक्ताने मोजलं. सरळ येणाऱ्या गाड्या थांबायच्या, डावीकडे वळणाऱ्या मात्र सुरूच. तेव्हा बघायचं ते त्यांच्याकडे. तीनदा आम्ही मिळून रस्ता ओलांडला. चौथ्यांदा ती एकटी गेली. मी अलीकडे उभा. पलीकडे पोचल्यावर तिने हात हलवला, तेव्हा कुठे माझा श्वास सुटला.

सोमवारी संध्याकाळी फोन आला. "मामा, गेले आणि आले! पण शाळेपाशी सगळे रोत तित होते." मग आवाज एकदम आजीसारखा करून म्हणाली, "आणि तू रे? कडेपासून लांब उभा राहतोस ना?"