दोष माणसाचा की वाटेचा?

इतवारीतील एखादा ठोक कापड व्यापारी आपली वेबसाइट नव्या सर्व्हरवर नेतो. त्याच्या पेढीत नवे दर दिसतात, अमरावतीच्या ग्राहकाला मात्र जुनेच. दुसऱ्या कुणी ईमेलने पाठवलेले बिल समोरच्याला मिळतच नाही. अशा वेळी संशय प्रथम माणसावर जातो आणि वर्षानुवर्षांची पत पणाला लागते. वस्तुतः दोष पुष्कळदा मधल्या वाटेत, म्हणजे इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीकडे असतो.

वेबसाइटचे नाव टाइप करताच कंपनीचा डीएनएस सर्व्हर त्या नावाचा आकडी पत्ता शोधून देतो. एकदा सापडलेला पत्ता तो काही तास, कधी एक-दोन दिवस जपून ठेवतो. तोवर त्या कंपनीचे ग्राहक जुन्याच जागी जातात. म्हणून सर्व्हर बदलल्यावर जुना सर्व्हर दोन-तीन दिवस चालू ठेवावा व त्यावरही नवे दर चढवावेत.

कधी वाटच बंद होते. २०१२ मध्ये चित्रपटांची चोरी रोखण्यासाठी मद्रास उच्च न्यायालयाने आदेश दिला. काही कंपन्यांनी त्याआधारे व्हिमिओसारखी संपूर्ण संकेतस्थळे बंद केली. आदेश विशिष्ट दुव्यांपुरताच आहे, असे न्यायालयाने जूनमध्ये स्पष्ट केले. तोवर एकाच्या जोडणीवर उघडणारे संकेतस्थळ शेजाऱ्याच्या जोडणीवर उघडत नव्हते.

ईमेलचे दुखणे निराळे. कंपनी एकाच आयपी पत्त्यामागे अनेक ग्राहक बसवते. त्यांतील एकाच्या संगणकातून फसव्या मेलचा भडिमार झाला, तर तो पत्ता काळ्या यादीत जातो आणि निरपराध शेजाऱ्याचीही मेल नाकारली जाऊ शकते. असा भडिमार रोखण्यासाठी अनेक कंपन्या पोर्ट २५ बंद ठेवतात. तेव्हा मेलच्या सेटिंगमध्ये ५८७ हे पोर्ट लावावे लागते.

वेबसाइट उघडत नसेल, तर वायफाय बंद करून दुसऱ्या कंपनीच्या मोबाइल डेटावर ती पाहावी. तेथे उघडली, तर खोट बहुधा पहिल्या जोडणीतच असते. परत आलेली मेल पुसून टाकू नये. नाकारण्याचे कारण तिच्यातच लिहिलेले असते. कंपनीकडे तक्रार नोंदवून क्रमांक घ्यावा. निवारण न झाल्यास तिच्याच अपील प्राधिकरणाकडे जाता येते. आणि मोठ्या रकमेचे बिल ईमेलने पाठवल्यावर, ते पोहोचले की नाही, हे फोनवर विचारून घ्यावे.