मागच्या खुर्चीतला माणूस



गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत आमच्या घरात एक वाद झाला. वाद पैशाचा होता आणि थोडा तत्त्वाचाही होता. आमच्या आठवीतल्या चिरंजिवांनी शाळेतल्या एका मित्राकडे प्लास्टिकचे विमान पाहिले. खेळण्याच्या दुकानात मिळते तसे तयार नव्हे, तर सुटे भाग एकमेकांना चिकटवून, रंग देऊन हाताने बनविलेले. तेव्हापासून त्याचा एकच धोशा सुरू झाला. आम्ही किंमत विचारली आणि गप्प बसलो. कारकुनाच्या पगारात महिनाअखेरीस काय उरते, हे आमच्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

चिरंजीव मात्र तयारीनिशी आले होते. म्हणाले, "पप्पा, आपण रात्री लढणारं विमान घेऊ. ते सगळं काळं असतं. काळ्या रंगाची एकच बाटली लागेल, खर्च कमी." या हिशेबावर आम्ही खूष झालो. तेवढ्यात आतून घरच्या मंडळींचा आवाज आला, "अहो, माणसं मारायचं यंत्र कपाटावर मांडून पोराला काय शिकवणार तुम्ही?"

प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर आमच्याजवळ त्या दिवशी नव्हते. ओव्हरटाइमचे पैसे हातात आल्यावर आम्ही एक किट आणले. मग दुसरे, मग तिसरे. वर्षभरात आम्हा बापलेकांना जे कळले, ते आज या स्तंभात सांगत आहोत.

प्रथम हे विमान काय ते सांगतो. दुसऱ्या महायुद्धात ७ सप्टेंबर १९४० पासून जर्मन बॉम्बफेकी विमाने लंडनवर रात्रीची येऊ लागली. मे १९४१ पर्यंत हा मारा चालला आणि ब्रिटनमधले ४० हजारांहून अधिक नागरिक त्यात मेले. दिवसा लढणारी विमाने रात्री आंधळी होत. अंधारात शत्रू दिसणार कसा? त्यावर उपाय निघाला तो रडारचा. रडारची पेटी विमानातच बसविली आणि ती पाहण्यासाठी मागे दुसरा माणूस बसविला. त्याच्यापुढे दोन लहान पडदे असत. एकावर शत्रू डावीकडे की उजवीकडे ते दिसे, दुसऱ्यावर वर की खाली. तो बोलत राही, "थोडं डावीकडे, थोडं वर," आणि पुढचा वैमानिक त्याप्रमाणे विमान वळवी. त्या यंत्राची एक गंमत होती. विमान जमिनीपासून जितके उंच, साधारण तितक्याच अंतरापर्यंत ते पाहू शके. त्यापलीकडचे सर्व जमिनीवरून परतणाऱ्या लहरींत बुडून जाई. म्हणून १९४१ पासून जमिनीवरच्या रडार केंद्रातून आधी दिशा सांगत, आणि शेवटच्या दोन-तीन मैलांत मागचा माणूस काम हाती घेई.

१९-२० नोव्हेंबर १९४०च्या रात्री जॉन कनिंगहॅम नावाच्या ब्रिटिश वैमानिकाने ब्यूफायटर विमानातून एक जर्मन विमान पाडले. रडारच्या मदतीने ब्यूफायटरला मिळालेले हे पहिले यश. पण रडार गुपित होते. मग कनिंगहॅमचे डोळे मांजरासारखे आहेत, तो गाजरे खातो म्हणून त्याला अंधारात दिसते, असे वर्तमानपत्रांत छापून आले. गाजराची ती कथा आजही आयाबाया मुलांना सांगतात. पुढे कनिंगहॅमच्या मागे बसून पडदा वाचणाऱ्या जिमी रॉन्स्लीचे काम मात्र त्या वेळी लोकांना ठाऊक झाले नाही.

आता किट कसे निवडावे ते पाहू. खोक्यावर १/७२ किंवा १/४८ असा आकडा असतो. १/७२ म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढे. सहा फुटी माणूस त्यात बरोबर एक इंचाचा होतो. दहा बाय दहाच्या खोलीत राहणाऱ्यांनी १/७२च घ्यावे, कारण १/४८चे ब्यूफायटर साडेचौदा इंच पसरते, तर १/७२चे साडेनऊ इंचांच्या आसपास भरते. भावातही फरक पडतो.

सुरुवातीला बोल्टन पॉल कंपनीचे डिफायंट हे विमान घ्यावे असे आम्ही सांगू. त्याला इंजिन एकच, म्हणून भाग थोडे. एअरफिक्सने २०१५ मध्ये १/७२ मापात त्याचा नवा साचा काढला होता. या विमानाची कथाही ऐकण्यासारखी आहे. त्याला पुढे बंदूकच नव्हती. वैमानिकाच्या मागे फिरत्या घुमटात चार मशीनगन घेऊन एकजण बसे. १९४०च्या उन्हाळ्यात दिवसाच्या लढाईत या विमानांची दाणादाण उडाली आणि त्यांना निकामी ठरविण्यात आले. तीच विमाने त्या हिवाळ्यात रात्रीच्या पहाऱ्यावर लावली, तेव्हा उपयोगी पडली. दिवसाच्या परीक्षेत नापास झालेल्याला रात्रीचे काम जमले. ही गोष्ट चिरंजिवांना फार आवडली, कारण सहामाहीत त्यांचे गणित राहिले होते.

दुसरे मॉस्किटो. हे घेताना डोळे उघडे ठेवावे. याच नावाची बॉम्बफेकी विमानेही होती. बॉम्बफेकीच्या नाकाला पारदर्शक काच असते आणि वैमानिकासमोरची काच मधोमध दुमडलेली असते. लढाऊ विमानाचे नाक भरीव असते आणि समोरची काच सपाट असते. खोक्यावर 'एनएफ' ही अक्षरे असतील तर ते रात्रीचे समजावे. सुरुवातीच्या रात्रीच्या मॉस्किटोच्या नाकावर बाणासारखी अँटेना आणि चार मशीनगन असत. पुढे रडारची तबकडी नाकातच बसली, तेव्हा त्या मशीनगन काढाव्या लागल्या. म्हणून खोक्यावरच्या चित्रात नाक पाहावे आणि आतल्या भागांशी ताडून घ्यावे.

जर्मन विमान हवे असल्यास मेसरश्मिट ११० चे जी-४ हे रूप बघावे. नाकावर सांबरशिंगांसारख्या अँटेना असल्या की ओळख पटली. अमेरिकेचे ब्लॅक विडो मोठे आहे, १/७२ मध्येही पंख अकरा इंच. ते तीन चाकांवर पुढे टेकून उभे राहते, पण प्लास्टिकचे मॉडेल शेपटीवर बसते. म्हणून बंद करण्याआधी नाकात शिशाचे छर्रे भरावेत. एकदा बंद झाले की इलाज नाही.

आता बांधणीचे चार शब्द. भाग फ्रेममधून ओढून तोडू नयेत, नेलकटरने कापावेत आणि राहिलेला टोक नखाच्या कानशीने घासावा. चिकटविण्याआधी दोन भाग कोरडेच एकमेकांना लावून पाहावेत. प्लास्टिकचा गोंद म्हणजे साधा गोंद नव्हे. तो प्लास्टिक विरघळवून दोन्ही भाग एकजीव करतो. जास्त झाला की पंख मेणासारखा पाघळतो. काचेच्या भागांना तो गोंद लावू नये, फेव्हिकॉल लावावा. फेव्हीक्विकच्या वाफेनेही काच पांढरी पडते. आतल्या खुर्च्यांना आधी रंग, मग बाकीचे जोडकाम. अँटेना सर्वांत शेवटी, कारण हात लागला की त्या मोडतात. नंबर आणि चिन्हांचे कागद पाण्यात भिजवून सरकवायचे असतात. त्याआधी रंगावर चकचकीत वॉर्निश द्यावे, नाहीतर चिन्हाखाली हवा राहून ते चंदेरी दिसते.

हे सर्व आम्ही चुका करून शिकलो. सर्वांत मोठी चूक ब्यूफायटरमध्ये झाली. आमच्या खोक्यात माणूस एकच निघाला. त्याला पुढे बसविले, वरच्या दोन्ही काचा चिकटविल्या आणि कौतुकाने टेबलावर ठेवले. चिरंजिवांनी वाकून पाहिले आणि विचारले, "पप्पा, मागच्या खुर्चीत कोण बसायचं?" आम्ही रॉन्स्लीची कथा त्याला आदल्याच दिवशी सांगितली होती! मुलगा म्हणाला, "मग हे विमान रात्रीचं झालंच नाही. त्याला दिसणार कसं?" आम्ही मागची काच सुरीने काढायला गेलो, ती तडकली. पण मुलाने उरलेल्या प्लास्टिकचा तुकडा आणि एम-सील घेऊन पाऊण इंचाचा बसलेला माणूस घडविला. तडकलेल्या काचेखाली तो आजही बसला आहे. आमच्या कपाटावरची ती सर्वांत चांगली वस्तू आहे असे आम्हांस वाटते.

काळ्या रंगाचा हिशेबही फसला. ब्रिटिशांनी सुरुवातीला काजळीसारखा खरखरीत काळा रंग दिला होता. पण त्या खरखरीतपणाने विमानाचा वेग घटला. शिवाय रात्रीचे आभाळ तरी कुठे काळे असते? वाचकांनी चांदण्या रात्री गच्चीवर काळी छत्री उघडून आभाळाकडे धरावी, ती उठून दिसेल. १९४२च्या अखेरीपासून ब्रिटिशांनी राखाडी आणि हिरवा रंग वापरला. जर्मनांनी फिकट निळसर राखाडी रंगावर ठिपके दिले. अमेरिकनांनी उलट चकचकीत काळा पत्करला, कारण सर्चलाइटचा झोत त्यावरून आरशासारखा दुसरीकडे वळतो आणि खालच्याला विमान कमी दिसते. एका बाटलीच्या जागी आम्हांला पाच बाटल्या घ्याव्या लागल्या. शिवाय काळा द्यायचाच असेल तर शुद्ध काळा देऊ नये, थोडा पांढरा मिसळावा. एवढ्याशा मॉडेलवर शुद्ध काळ्यात सगळे बारकावे बुडतात.

आता त्या पहिल्या प्रश्नाकडे येतो. या यंत्रांमागचे हात शोधू लागलो, तेव्हा दोन कारखाने डोळ्यांसमोर आले.

मॉस्किटो हे लाकडाचे विमान होते. बर्चच्या पातळ फळ्या आणि मध्ये बाल्साचे हलके लाकूड, सर्व गोंदाने जोडलेले. धातूची टंचाई होती आणि सुतार मोकळे होते, म्हणून टेबल-खुर्च्या बनविणाऱ्या कारखान्यांना त्याचे भाग करायला दिले. हजारो स्त्रियांनी ते काम केले. या विमानाचा आपल्या देशाशीही संबंध आला. १९४४ मध्ये भारतात आणि ब्रह्मदेशाच्या आघाडीवर काही मॉस्किटो हवेतच मोडली आणि नोव्हेंबर १९४४ मध्ये उड्डाणे थांबवावी लागली. चौकशीत सांध्यांच्या जोडकामातले दोष पुढे आले. आपल्याकडच्या उष्ण दमट हवेलाही दोष दिला गेला. "सांधा घाईने लावू नकोस," हे आम्ही मुलाला शंभरदा सांगितले होते, पण ही हकीकत ऐकल्यावर पुन्हा सांगावे लागले नाही.

दुसरा कारखाना हाइंकेलचा. त्यांचे २१९ नंबरचे 'ऊहू', म्हणजे घुबड, दिसायला देखणे. सैन्यात दाखल झालेले, वैमानिकाला खुर्चीसकट बाहेर फेकणारे ते पहिले विमान. चिरंजिवांना तेच हवे होते. पण ते बनविणाऱ्या कारखान्यांपैकी एक ऑस्ट्रियात श्वेखाट येथे होता, आणि हाइंकेल कंपनीने तिथे माउटहाउझेन छळछावणीच्या कैद्यांना राबविले. मजुरी नाही, पोटभर अन्न नाही, आणि अंगावरचा पट्ट्यापट्ट्यांचा गणवेश. खोक्यावरच्या देखण्या चित्रात ते कैदी कुठेच नसतात.

हे सांगितल्यावर मुलगा दोन दिवस गप्प होता. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "घेऊ या, पण खाली लिहून ठेवू या."

म्हणून आता आमच्या कपाटावर प्रत्येक विमानाखाली पुठ्ठ्याची एक पाटी आहे. अक्षर चिरंजिवांचे. ब्यूफायटरच्या पाटीवर रॉन्स्लीचे नाव आहे. त्याखाली दुसरी ओळ कलकत्त्याची. १५ जानेवारी १९४३च्या रात्री डमडमहून निघालेल्या एका ब्यूफायटरने शहरावर आलेली तीन जपानी विमाने काही मिनिटांत पाडली. वैमानिकाचे नाव प्रिंग. त्याच्याही मागे एकजण पडदा वाचत होता. मॉस्किटोखाली सुतार आणि कामगार स्त्रिया. घुबडाखाली श्वेखाटचे कैदी. आणखी एक ओळही तिथे आहे. अशा जर्मन विमानांनी ३०-३१ मार्च १९४४च्या एका रात्रीत न्यूरेम्बर्गच्या वाटेवर ब्रिटिशांची ९५ विमाने घालविण्यात मोठा वाटा उचलला. प्रत्येक विमानात साधारण सात तरुण होते. आणि त्या तरुणांनी ज्या शहरांवर बॉम्ब टाकले, त्या हॅम्बुर्गमध्ये १९४३च्या जुलैअखेरीस ३० हजारांहून अधिक माणसे जळून-गुदमरून मेली.

घरच्या मंडळींनी या पाट्या वाचल्या. "एवढं लिहून ठेवणार असाल तर राहू द्या," असे म्हणाल्या आणि कपाट पुसायला घेतले. घुबडाची एक अँटेना त्या पुसण्यात मोडली. ती पुन्हा चिकटविण्याचे काम येत्या रविवारी ठरले आहे.

ज्या पालकांना मुलांसाठी असे किट घ्यायचे असेल, त्यांना आमची एकच सूचना आहे. खोका उघडण्याआधी मुलाला विचारा की या विमानात किती माणसे बसत आणि ते कोणी बनविले. उत्तर दोघांनी मिळून शोधावे. वाचनालयात पुस्तके मिळतात. तोवर एक संध्याकाळ सहज जाते, आणि तिला पैसे पडत नाहीत.