सुटी कोणाची, सहल कोणाची?

राज्य सरकारने जुलै २०२४ मध्ये जे पर्यटन धोरण मंजूर केले, त्यात दहा वर्षांत १ लाख कोटी रुपयांची गुंतवणूक आणि १८ लाख रोजगार ही उद्दिष्टे ठेवली आहेत. त्यापूर्वी, डिसेंबर २०२० मध्ये, हॉटेल व्यवसायाला उद्योगाचा दर्जा देऊन वीज, पाणी आणि कर यांत औद्योगिक दराचा लाभ देण्याचा निर्णय झालाच होता. पर्यटन हा उद्योग आहे, तो वाढतो आहे आणि त्याला भांडवल हवे आहे, एवढे या कागदपत्रांवरून निर्विवादपणे कळते. पर्यटक म्हणजे कोण, हे मात्र कळत नाही. धोरणकर्त्यांनी ते गृहीत धरले आहे. ज्याच्याजवळ सुटी आहे आणि पैसा आहे, तो पर्यटक. ज्याच्याजवळ यांपैकी काहीच नाही, तोही या धोरणात आहे. पण खोली झाडणारा, गाडी चालविणारा, भांडी घासणारा म्हणून, त्या १८ लाखांच्या आकड्यात.

पिंपरी-चिंचवड आणि चाकण या पट्ट्याला हा प्रश्न विचारण्याचा विशेष अधिकार आहे. साठच्या दशकात आकुर्डीला बजाज ऑटो आणि पिंपरीला टेल्को आली. १९९९ पासून चाकणला बजाजचा दुसरा कारखाना, पुढे महिंद्र, फोक्सवॅगन, मर्सिडीज उभ्या राहिल्या. देशाला प्रवासाची साधने पुरविणारे हे हात आहेत. या हातांना स्वतः प्रवास करण्यासाठी वर्षातून किती दिवस मिळतात, हे कोणी मोजत नाही.

आपल्या चळवळीला या प्रश्नाचा विसर पडावा याचे मला नवल वाटते, कारण हिंदुस्थानातील कामगार चळवळीचा आरंभच सुटीच्या मागणीने झाला आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांना संघटित केले तेव्हा त्यांच्या मागण्यांत आठवड्यातून एक दिवस विश्रांती ही प्रमुख मागणी होती. गिरणी मालकांनी ती मान्य करायला १० जून १८९० उजाडावा लागला. लोखंडे हे सत्यशोधक. त्यांचे मूळ गाव पुणे जिल्ह्यातील कन्हेरसर. आज शाळेपासून शेअरबाजारापर्यंत सारा देश रविवारची सुटी उपभोगतो. ती एका कामगार पुढाऱ्याच्या झगड्याशी जोडलेली आहे याची जाणीव किती जणांना असेल? पुढे १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याने चोविसाव्या कलमात नियतकालिक पगारी सुटीचा हक्क मान्य केला. आपल्या संविधानाच्या ४३ व्या अनुच्छेदात निर्वाहवेतनाच्या बरोबरीने फुरसतीच्या पूर्ण उपभोगाचा उल्लेख आहे. निर्वाहवेतनावर आपण हजारो सभा घेतल्या. फुरसतीवर एक तरी घेतल्याचे मला आठवत नाही.

कायदा काय देतो ते पाहू. १९४८ च्या कारखाना कायद्यानुसार वर्षात २४० दिवस काम केलेल्या कामगारास दर वीस दिवसांमागे एक दिवस पगारी रजा मिळत असे. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी लागू झालेल्या नव्या कामगार संहितेने २४० ची अट १८० वर आणली. या संहितांविषयी आपले आक्षेप गंभीर आहेत आणि ते कायम आहेत. तथापि ही एक तरतूद कामगाराच्या बाजूची आहे हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. पण त्याच संहितेत वर्षअखेर शिल्लक रजा रोखीत बदलून घेण्याची मुभाही आहे, आणि खरी ग्यानबाची मेख तेथे आहे. कायम कामगार रजा साठवतो आणि तिचे पैसे करून घेतो. मुलीचे लग्न, घराचा हप्ता, मुलाच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाची फी ही त्याची कारणे असतात. त्याला दोष देण्याचा अधिकार आपल्याला नाही. मात्र अर्थशास्त्राच्या दृष्टीने याचा अर्थ स्पष्ट आहे: वेतन अपुरे असले की माणूस आपली विश्रांतीच विकायला काढतो, आणि तो व्यवहार ऐच्छिक असल्याचे कागदावर नोंदले जाते.

हे झाले कायम कामगाराचे. चाकण, महाळुंगे, खराबवाडी, नाणेकरवाडी या भागातील खोल्यांत चौघे-पाचजण मिळून राहणाऱ्या कंत्राटी मुलाची गोष्ट निराळी आहे. सहा-सात महिने झाले की त्याला ‘ब्रेक’ मिळतो. मग ठेकेदाराचे नाव बदलते, कधी फाटकही बदलते, आणि नोकरीचा हिशेब पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू होतो. ब्रेकच्या वेळी त्याच्या रजेचे पैसे मिळाले तर मिळतात. रजा कधीच मिळत नाही. ब्रेक हीच त्याची सुटी. त्या सुटीत तो दुसऱ्या कारखान्याच्या फाटकासमोर सकाळी सात वाजता उभा असतो.

या मुलाचा प्रवास-उद्योगाशी संबंध येतो तो दिवाळीत. तो लातूर, नांदेड, परभणी, बुलढाणा, वाशीम येथून आलेला असतो. दिवाळीत कारखाने दोन-चार दिवस बंद राहतात आणि सारा पट्टा एकाच रात्री गावाकडे निघतो. वल्लभनगरच्या आगारात, नाशिक फाट्यावर, भोसरीच्या चौकात पिशव्या घेऊन उभी असलेली ती गर्दी ज्यांनी पाहिली असेल, त्यांना पर्यटन परिषदेतील भाषणे ऐकवणार नाहीत. खासगी ट्रॅव्हल्सचे भाडे त्या रात्री दुप्पट-तिप्पट होते. एसटीच्या भाड्याच्या दीडपटीहून अधिक भाडे खासगी बसने घेऊ नये, असा शासननिर्णय २०१८ मध्ये निघालेला आहे. तो दर दिवाळीला वर्तमानपत्रात छापून येतो, परिवहन खाते इशारा देते आणि भाडे आपल्या जागी राहते. मागणी वाढली की किंमत वाढते, हे मी जन्मभर वर्गात शिकविले. परंतु सर्व कामगारांना एकाच रात्री मोकळे सोडून ती मागणी निर्माण कोण करतो, हेही त्याच वर्गात शिकविले पाहिजे. कारखान्यांनी रजा विभागून दिल्या असत्या, तर भाड्याचा हा डोंगर निम्म्यावर आला असता.

याच्या उलट एसटीकडे पाहावे. मार्च २०२३ मध्ये स्त्रियांना निम्मे तिकीट झाले आणि ज्या बायका वर्षानुवर्षे माहेरी गेल्या नव्हत्या त्या निघाल्या. तुळजापूर, कोल्हापूर, माहूर पाहून आल्या. त्यांना कोणी पर्यटक म्हटले नाही. १९८८ पासून एसटीची ‘आवडेल तेथे कोठेही प्रवास’ ही चार आणि सात दिवसांच्या पासाची योजना आहे. एका पासावर महाराष्ट्र पाहण्याची ही सोय म्हणजे सार्वजनिक क्षेत्राने दिलेली उत्तम देणगी होय. पण सात दिवसांचा पास घ्यायला सात दिवस लागतात!

वर्षाची रजा नाही, तेव्हा उरते आठवड्याची सुटी. तिचीही या पट्ट्यात एक गंमत आहे. वीजपुरवठ्याच्या नियोजनासाठी अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुटी गुरुवारी ठेवली गेली. बाप गुरुवारी घरी, मुले रविवारी घरी. जेथे आई-बाप दोघेही कामाला जातात आणि दोघांच्या सुट्या वेगळ्या असतात, तेथे चौघांनी एकत्र डब्यातले जेवण जेवायलाही सणवार यावा लागतो. जमलेच तर अर्ध्या दिवसाची सहल होते. ती कोठे? लोकलने किंवा दुचाकीने तासाभरात पोहोचता येईल, जेथे प्रवेशाला पैसे पडत नाहीत आणि जेथे पाणी आहे अशा ठिकाणी. लोणावळ्याच्या बंगल्यात नव्हे, इंद्रायणीच्या काठी.

१५ जून २०२५ रोजी, रविवारी दुपारी, मावळातील कुंडमळा येथे इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल माणसांच्या भाराने कोसळला आणि ४ जण मृत्युमुखी पडले. पन्नासच्या आसपास जखमी झाले. पूल धोकादायक असल्याची जाणीव प्रशासनास होती. तेथे फलक लावलेला होता. नव्या पुलाला मंजुरीही मिळालेली होती. पूल झालेला नव्हता. त्याच्या वर्षभर आधी, ३० जून २०२४ रोजी, लोणावळ्याच्या भुशी धरणालगतच्या धबधब्यात एकाच कुटुंबातील ५ जण वाहून गेले. दोन्ही वेळा चर्चा झाली ती लोकांच्या बेशिस्तीची, मोबाइलवर छायाचित्रे काढण्याच्या वेडाची. बेशिस्त होती, हे खरे आहे. पण लाखो श्रमिकांच्या वस्तीपासून तासाभराच्या अंतरावर त्यांना विनामूल्य बसता येईल अशा किती जागा सरकारने बांधून, कठडे घालून, जीवरक्षक नेमून तयार ठेवल्या? उपाय म्हणून निघतात ते प्रतिबंधात्मक आदेश: अमुक ठिकाणी जाऊ नये, पाण्यात उतरू नये. त्या आदेशांनी बंद होते ती फुकटची जागा. शुल्क आकारणारा रिसॉर्ट त्याच डोंगराच्या दुसऱ्या अंगाला चालूच असतो. आणि कणसे, चहा, वडापाव विकणाऱ्या मावळातल्या बाईचा पावसाळ्याचा हंगाम बुडतो तो वेगळाच.

मावळाचा विषय निघाला म्हणून पवनेचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. पवना धरणाच्या पाण्यावर पिंपरी-चिंचवड जगते. त्या धरणात ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांचा पर्यायी जमिनीचा लढा दशकानुदशके रेंगाळला. बंद जलवाहिनीच्या विरोधात ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊर येथे द्रुतगती मार्गावर शेतकरी उतरले तेव्हा पोलिसांच्या गोळीबारात तिघांचे प्राण गेले. आज त्याच जलाशयाच्या काठी, लोहगड, तुंग आणि तिकोना यांच्या सावलीत, शनिवार-रविवारसाठी तंबू उभे राहतात. काही तंबू स्थानिक तरुणांचे आहेत, ही समाधानाची गोष्ट होय. पण काठच्या जमिनी हळूहळू बाहेरच्या पैशाकडे जात आहेत आणि धरणग्रस्ताचा नातू तेथे रात्री शेकोटी पेटवून देण्याच्या कामावर राहतो. तंबूंच्या व्यवसायात धरणग्रस्तांच्या सहकारी संस्थांना अग्रहक्क द्यावा, अशी मागणी आपण करावयास हवी होती. ती अजूनही करता येईल.

आपल्याच काही साथींचे म्हणणे असे की, किमान वेतन मिळत नाही, कंत्राटी पद्धत हटत नाही, अशा काळात सहलीचा विषय काढणे ही चैन आहे. हा आक्षेप मी टाळू इच्छित नाही. १९३६ मध्ये फ्रान्समध्ये आघाडीचे सरकार आले तेव्हा तेथेही बेकारी होती आणि सीमेपलीकडे हिटलर होता. तरीही त्या सरकारने जूनमध्येच कामगारांना वर्षाला दोन आठवड्यांची पगारी रजा कायद्याने दिली आणि रेल्वेचे सवलतीचे तिकीट काढले. त्या उन्हाळ्यात हजारो कामगारांनी आयुष्यात प्रथम समुद्र पाहिला. ते सरकार टिकले नाही; रजा टिकली. वेतनवाढ महागाई खाऊन टाकते. रजेचे दिवस महागाईला खाता येत नाहीत, एवढा हिशेब तरी आपण मांडावा. शिवाय ज्या कंत्राटी कामगाराला रजा म्हणजे काय हेच ठाऊक नाही, त्याला कायमपणाचा अर्थ समजावून सांगण्याचा रजा हाच सर्वांत सोपा मार्ग आहे.

तेव्हा काय करावे? या पट्ट्यातील वेतनकराराची मागणीपत्रे तयार होताना किमान सात दिवसांची सलग रजा प्रत्यक्ष उपभोगण्याचे आणि तिच्यासोबत प्रवासभत्त्याचे कलम घालावे. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यास रजा-प्रवास सवलत मिळते, ती कारखान्याच्या कामगारास का नको? ठेकेदार बदलला तरी रजेचा हिशेब मूळ मालकाकडे चालू राहावा. १९५३ च्या कायद्याखालील कामगार कल्याण मंडळ नाट्यस्पर्धा भरविते, हे स्तुत्य आहे. त्याने गड-किल्ल्यांच्या पायथ्याशी आणि कोकण किनाऱ्यावर कामगारांची विश्रांतिगृहे बांधावीत. यातील काही मागण्यांना वर्षे लागतील. परंतु वल्लभनगर आगारातून दर गुरुवारी आणि रविवारी सकाळी कार्ला, भाजे, लोहगड अशी एक एसटी सोडून संध्याकाळी परत आणावी, या मागणीला कोणत्याही धोरणाची वाट पाहण्याचे कारण नाही. आगार व्यवस्थापकाकडे निवेदन घेऊन जायला पाच कार्यकर्ते पुरेत. ते निवेदन पावसाळ्यापूर्वी दिले जावे.