स्टार्टअपचा पैसा डोंगरातल्या गावापर्यंत कसा पोचेल? कुडपणच्या नाचणीचा हिशेब

केंद्राच्या २०२३-२४ च्या अर्थसंकल्पात ग्रामीण तरुणांच्या कृषी स्टार्टअपसाठी 'कृषी ॲक्सिलरेटर निधी' जाहीर झाला. सप्टेंबर २०२४ मध्ये ७५० कोटी रुपयांचा 'ॲग्रीशुअर' निधी सुरू झाला. २०२५ मध्ये महाराष्ट्राने नवे स्टार्टअप, उद्योजकता व नावीन्यता धोरण मंजूर केले. घोषणांची कमतरता नाही. प्रश्न एवढाच आहे, की पोलादपूर तालुक्यातल्या कुडपणसारख्या सह्याद्रीच्या कुशीतल्या गावाला यातले काय आणि कोणत्या वाटेने मिळू शकते?

ॲक्सिलरेटर म्हणजे काय?

उबवणी केंद्र (इन्क्युबेटर) कल्पनेपासून उद्योग उभा राहीपर्यंत जागा, यंत्रे आणि मार्गदर्शन देते. ॲक्सिलरेटर उभ्या राहिलेल्या छोट्या उद्योगाला काही महिन्यांत गती देण्याचा प्रयत्न करतो. प्रशिक्षण, अनुभवी मार्गदर्शक, ग्राहकांशी गाठ आणि शेवटी गुंतवणूकदारांसमोर सादरीकरण, असा त्याचा साधारण क्रम असतो. व्यवहारात अनेक संस्था दोन्ही कामे करतात.

यातल्या बऱ्याच संस्था ना-नफा असतात, म्हणजे कंपनी कायद्याच्या कलम ८ खाली नोंदलेल्या. त्यांना मिळालेला नफा सभासदांत वाटता येत नाही, तो कामातच वापरावा लागतो. बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टमधले अटल इन्क्युबेशन सेंटर याच प्रकारचे आहे. मुंबईत माटुंग्याच्या सिरकॉट या केंद्रीय संशोधन संस्थेतही कृषी उद्योगांसाठी उबवणी केंद्र आहे. मात्र पोलादपूरच्या शेतकऱ्याला यातले कोणतेच केंद्र हाकेच्या अंतरावर नाही.

अनुदानाची दुसरी बाजू

राष्ट्रीय कृषी विकास योजनेच्या 'रफ्तार' टप्प्यात २०१८-१९ पासून अशा केंद्रांमार्फत थेट मदत सुरू झाली. आखणीनुसार दोन महिन्यांच्या प्रशिक्षणात दरमहा १०,००० रुपये विद्यावेतन, कल्पनेच्या टप्प्यावर ५ लाखांपर्यंत आणि उद्योग सुरू झाल्यावर २५ लाखांपर्यंत मदत ठरली. पहिल्या रकमेत ९० टक्के, तर दुसऱ्या रकमेत ८५ टक्के वाटा अनुदानाचा.

आता उरलेला वाटा पाहू. पाच लाखांच्या प्रस्तावात स्वतःचे ५०,००० रुपये लागतात. पंचवीस लाखांच्या प्रस्तावात ३ लाख ७५ हजार. ज्याची भात आणि नाचणीची जमीन तुकड्यांत आहे आणि घरातला कमावता माणूस मुंबईला आहे, त्याने ही रक्कम कुठून उभी करायची? म्हणून मोठ्या आकड्यांमागे धावण्याआधी गरज किती आहे ते मोजले पाहिजे.

एक उदाहरण घेऊ. गावातल्या एका गटाने सभासदांकडून २० क्विंटल नाचणी घेऊन पीठ, सत्त्व आणि पापड करायचे ठरवले. २०२५-२६ चा नाचणीचा हमीभाव क्विंटलला ४,८८६ रुपये आहे. त्या दराने धान्याचेच ९७,७२० रुपये होतात. हे पैसे शेतकऱ्याला काढणीनंतर लगेच द्यावे लागतात, नाहीतर तो माल व्यापाऱ्याला देतो. पीठ मात्र पुढच्या सात-आठ महिन्यांत थोडे थोडे विकले जाते. म्हणजे गटाची पहिली अडचण यंत्राची नसून लाखभर रुपयांच्या खेळत्या भांडवलाची आहे. बहुतेक स्टार्टअप मदत नमुना तयार करणे, चाचणी आणि यंत्रे यांवर बेतलेली असते. धान्य विकत घ्यायला पैसा क्वचितच मिळतो.

इथे प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेतली तरतूद जास्त जवळची आहे. तिच्यात बचत गटाच्या प्रत्येक सभासदामागे ४०,००० रुपयांपर्यंत बीज भांडवल धरलेले आहे आणि ते खेळते भांडवल व छोटी अवजारे यांसाठी वापरता येते. योजनेची सध्याची स्थिती तालुका कृषी कार्यालयात विचारून घ्यावी.

वेळापत्रक कोणाचे?

दुसरी अडचण कालावधीची आहे. नाचणीचे रोप जूनमध्ये, लावणी जुलैत आणि काढणी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. जुलैत सुरू होणाऱ्या तीन महिन्यांच्या ॲक्सिलरेटरला कुडपणचा शेतकरी चिखलातून उठून कसा जाणार? त्यात घाटरस्त्याचा भरवसा नाही. २२ जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत महाड तालुक्यातले तळीये आणि पोलादपूर तालुक्यातली केवनाळे व साखर सुतारवाडी दरडीखाली सापडली, हे या भागात कोणी विसरलेले नाही. पावसाळ्यात माल आणि माणूस दोन्ही अडकतात, हे धरूनच इथल्या उद्योगाची आखणी व्हायला हवी.

घाटमाथ्यावरचा धडा

आंबेनळी घाट चढून गेले की महाबळेश्वर तालुका लागतो. तिथले मांघर हे १६ मे २०२२ रोजी देशातले पहिले 'मधाचे गाव' म्हणून जाहीर झाले. हे यश एका कार्यक्रमातून आलेले नाही. खादी व ग्रामोद्योग मंडळाचे मध संचालनालय महाबळेश्वरातच आहे. मंडळाच्या मध केंद्र योजनेत आधी प्रशिक्षण, मग साहित्यावर ५० टक्के अनुदान आणि शेवटी हमीभावाने मधखरेदी अशी साखळी आहे. शिकवणारा, साधन देणारा आणि माल घेणारा एकाच ठिकाणी भेटतो आणि पुढच्या वर्षीही तिथेच असतो. डोंगरी भागात वेगापेक्षा हे टिकून राहणे महत्त्वाचे आहे.

दक्षिण रायगडात स्वदेस फाउंडेशनसारखी संस्था गाव विकास समित्यांमार्फत पाणी आणि उपजीविकेवर काम करते. जिथे अशी समिती चांगली चालते, तिथे बाहेरच्या ॲक्सिलरेटरने नवा गट बांधण्यापेक्षा तिच्याशीच जोडून घेणे शहाणपणाचे. नव्या राज्य धोरणात आयटीआय आणि तंत्रनिकेतनांत सूक्ष्म उबवणी केंद्रांची कल्पना आहे. ती महाड-पोलादपूर परिसरात प्रत्यक्ष उतरली, तर बारामती-मुंबईची फेरी वाचेल. पण त्या केंद्राने डिसेंबर ते मे या काळात वर्ग घेतले पाहिजेत आणि निदान तीन हंगाम गटाची साथ केली पाहिजे. ग्रामपंचायत आणि प्रभाग संघांनी ही मागणी आताच लावून धरावी.

अर्ज करण्यापूर्वी हे विचारा

- मदत अनुदान आहे, कर्ज आहे की भागभांडवल? संस्था ना-नफा असली तरी ती उद्योगात हिस्सा मागू शकते. करार मराठीत समजावून घ्या.
- आपला स्वतःचा वाटा किती आणि तो कधी भरायचा?
- हप्ता आधी मिळतो की खर्चाची बिले दिल्यावर?
- बचत गट पात्र आहे का? स्टार्टअप मान्यता प्रामुख्याने खासगी कंपनी, एलएलपी किंवा नोंदणीकृत भागीदारीला मिळते. कंपनी काढल्यास दरवर्षीचा लेखापरीक्षणाचा खर्चही मोजा.
- अन्नसुरक्षा नोंदणी, पॅकिंग आणि लेबल यांसाठी मदत कोण करणार?
- पहिला ठोक खरेदीदार कोण? त्याचे नाव आणि दर लेखी मिळतो का?
- कार्यक्रम संपल्यावर फोन कोणाला करायचा?

शेवटच्या दोन प्रश्नांना ठोस उत्तर मिळाले नाही, तर अर्ज एक हंगाम थांबवावा. तोवर या काढणीला ५० किलो नाचणीचे पीठ करून गावातल्या मुंबईकर कुटुंबांना विकून पाहावे. दळण, पिशवी, वाहतूक आणि उधारी यांची वहीत नोंद ठेवावी. पुढच्या वर्षी कोणत्याही संस्थेच्या दारात जाताना ती वहीच तुमचा सर्वात भक्कम प्रस्ताव ठरेल.