टोमॅटोला ऊन लागते तेव्हा

दिवाळीच्या फराळाला बसल्यावर उन्हाळ्याच्या गोष्टी काढणारा मनुष्य अरसिकच म्हणायचा! पण भाजीचा विचार एक ऋतू आधीच करावा लागतो. तेव्हा वाचकांनी एवढा अरसिकपणा खपवून घ्यावा.

ठाण्या-डोंबिवलीच्या कुठल्याही इमारतीकडे मान वर करून पाहा. गॅलरीत तुळशीशेजारी टोमॅटोचे एखादे रोप दिसतेच. एप्रिलात ते फुलते आणि आठवड्याभरात फुले गळून पडतात. मग दोष कधी खताला, कधी पाण्याला, तर कधी शेजारणीच्या दृष्टीला!

खरा दोष बहुधा रात्रीचा असतो. दिवसाचे कडक ऊनही टोमॅटोला बाधतेच. पण रात्रीचा पारा 21-22 अंशांच्या वर राहू लागला की फळ धरणे कमी होते. कळी उमलण्यापूर्वी आठ-दहा दिवस आत पराग घडत असतात. त्या वेळी उष्मा झाला की ते वांझ निघतात. नारायणगावाकडे सूर्य मावळला की हवा निवते. आपल्याकडे खाडी जवळ, वर दिवसभर तापलेल्या सिमेंटच्या भिंती. मे महिन्यातली रात्रही घामाचीच.

पण सगळे वाण सारखे नसतात. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचा ‘पुसा सदाबहार’ टोमॅटो 28-30 अंशांच्या रात्रीही फळ धरतो. तिचाच ‘पुसा हिमानी’ मुळा थंडीचा, तर ‘पुसा चेतकी’ उन्हाळ्यातही चाळीस-पंचेचाळीस दिवसांत काढणीला येतो. ही संस्था 1905 साली बिहारात पुसा गावी निघाली, 1934 च्या भूकंपानंतर दिल्लीला आली. पण माहेरचे नाव तिने सोडले नाही!

फ्लॉवर 1822 साली विलायतेहून आला, तो थंडीचा भोक्ता. आपल्या शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या बी निवडून त्याचे असे हळवे वाण तयार केले, की ते 20 ते 27 अंशांतही गड्डा धरतात. माठाची तर अन्न तयार करण्याची रीतच ऊस-मक्याची. ऊन चढले की त्याला जोर येतो.

हा प्रश्न केवळ हौसेचा नाही. 2023 च्या जुलैत टोमॅटो किलोला शंभराच्या वर गेला. उष्मा, रोग आणि पाऊस तिघांनीही त्याला हात लावला होता. एप्रिल 2024 मध्ये हवामान खात्याने ठाणे जिल्ह्याला उष्णतेच्या लाटेचा इशारा दिला. असे उन्हाळे येत राहिले तर सोशिक वाणांवरच चूल चालायची.

म्हणून टोमॅटोची रोपे दिवाळीतच लावावीत, म्हणजे फुले थंडीत येतील. मार्चपासून माठ, भेंडी, गवार पेरावी. बी घेताना भाजीबरोबर वाणाचेही नाव विचारावे. आणि मंडईत वैशाखात फ्लॉवरसाठी हटून न बसता माठाची जुडी पिशवीत टाकावी. वाण टिकतो तो पेरणाऱ्यामुळे, आणि पेरणारा टिकतो तो घेणाऱ्यामुळे.