‘करून पहा’ची जागा व्हिडिओने घेऊ नये




शाळेला थोडा निधी मिळाला की हल्ली चर्चा मोठ्या स्क्रीनपाशी सुरू होते आणि तिथेच संपते. प्रयोगशाळेतल्या फुटक्या भिंगांचा आणि गंजलेल्या चिमट्यांचा विषय मी काढला, की ठरलेले उत्तर येते, “मॅडम, आता सगळे प्रयोग ऑनलाइन आहेत की!” मी नववी-दहावीला विज्ञान शिकवते. हे उत्तर मला पटत नाही.

ऑनलाइन साधनांना माझा विरोध नाही, मी ती वर्गात नेहमी वापरते. अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठाच्या ‘फेट’ या उपक्रमाची सिम्युलेशन्स फुकट आहेत आणि त्यांतली बरीच मराठीतही मिळतात. नोबेल पारितोषिक मिळालेले भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वायमन यांनी 2002 साली तो उपक्रम सुरू केला. त्यातला विद्युत परिपथ मला फार मोलाचा वाटतो. दिव्यातून जाताना वीज ‘खर्च होते’ आणि पुढे कमी उरते, असे दरवर्षी निम्म्या वर्गाला वाटते. कितीही समजावले तरी ते डोक्यातून जात नाही. पडद्यावर इलेक्ट्रॉन दिव्याच्या अलीकडे आणि पलीकडे सारख्याच वेगाने सरकताना दिसले, की मुले गप्प होतात आणि मग खरे प्रश्न विचारू लागतात. डोळ्यांना दिसूच शकत नाही ते दाखवायला स्क्रीनसारखे साधन नाही.

पण लंबक डोळ्यांना दिसतो. तोही आम्ही पडद्यावरच का बघावा?

गुरुत्वाकर्षणाचा धडा शिकवताना मी व्हरांड्याच्या वाशाला दोरा बांधून त्याला एक कुलूप लटकावले. दोलनकालाचे सूत्र मुलांना आयते दिले आणि गुरुत्व त्वरण काढायला सांगितले. 20 आंदोलनांना 40 सेकंद लागले, यावर सगळ्या गटांचे एकमत होते. उत्तरे मात्र वेगवेगळी आली. एका गटाने नुसता दोरा मोजला होता, 97 सेंटिमीटर. त्यांचे उत्तर आले 9.57. दुसऱ्याने कुलपाच्या तळापर्यंत मोजले, 103 सेंटिमीटर, आणि उत्तर 10.17. भांडण जुंपले. लंबकाची लांबी संपते कुठे? एक मुलगी म्हणाली, कुलपाचे वजन जिथे एकवटले आहे असे धरता येईल, तिथपर्यंत मोजायला हवे. गुरुत्वमध्य हा शब्द तोवर मी उच्चारलाही नव्हता. मधोमध धरून 100 सेंटिमीटर घेतले तेव्हा 9.87 आले. तेही पुस्तकातल्या 9.8 पेक्षा जास्तच. मग स्टॉपवॉचचे बटण दाबायला होणारा उशीर, 20 ऐवजी 50 आंदोलने मोजली तर तो उशीर किती विभागला जाईल, यावर मधली सुट्टी संपली.

फेटवरही लंबक आहे, आणि तो सुरेख आहे. तिथे आपण चंद्रावर जाऊ शकतो, गुरू ग्रहावर जाऊ शकतो. पण तिथे लांबी पट्टीवर आधीच लिहिलेली असते. ती कुठपासून कुठपर्यंत मोजायची हा प्रश्नच मुलांसमोर येत नाही, आणि माझ्या मते त्या दिवशीचे सगळे भौतिकशास्त्र त्या एका प्रश्नात होते.

बालभारतीच्या विज्ञानाच्या पुस्तकांत दोन चौकटी वारंवार भेटतात. एक ‘करून पहा’, दुसरी ‘इंटरनेट माझा मित्र’. दोन्ही हव्यातच. मात्र गेल्या काही वर्षांत दुसरीने पहिलीला गिळायला सुरुवात केली आहे. तासिका 35 मिनिटांची आणि वर्गात साठ मुले असली, की व्हिडिओ लावणे सोपे पडते. ही अडचण खरी आहे, मी तीत रोज असते. त्यासाठी मी कुठल्याही शिक्षकाला दोष देणार नाही. पण त्यातून काय होते, तेही बोलले पाहिजे. प्रयोग न करताच प्रयोगवह्या भरल्या जातात, मागच्या वर्षीची वही बघून ‘निरीक्षणे’ उतरवली जातात, आणि सगळ्यांची उत्तरे अचूक येतात.

ऑनलाइन साधन हाताला कामाला लावणारेही असू शकते. खेळण्यांतून विज्ञान शिकवणाऱ्या अरविंद गुप्तांच्या संकेतस्थळावरचे छोटे व्हिडिओ बघा. सेल, दोन सेफ्टी पिना, रबर बँड, चुंबक आणि इनॅमलचा लेप असलेली तांब्याची तार, एवढ्यावर विजेची मोटार फिरते. मुले तारेची दोन्ही टोके चहूबाजूंनी खरवडतात आणि वेटोळे नुसते डुलत राहते. एका टोकाचा लेप अर्ध्याच बाजूने काढायचा असतो. तो का, हे कळले की मोटारीतल्या प्रवाहाची दिशा उलटवणाऱ्या कम्युटेटरचे निम्मे काम कळले. जर्मनीतील आखेन विद्यापीठाचे ‘फायफॉक्स’ हे फुकट ॲप तर फोनलाच मापनयंत्र बनवते. दोन फोन 10 मीटर अंतरावर ठेवायचे, आधी एकाजवळ आणि मग दुसऱ्याजवळ टाळी वाजवायची. दोन टाळ्यांमधला वेळ प्रत्येक फोन मोजतो, आणि दोन्ही फोनवरच्या या वेळांत सेकंदाच्या सुमारे सहा शतांश भागाचा फरक येतो. त्यावरून ध्वनीचा वेग निघतो, शाळेच्याच व्हरांड्यात. दोन शिक्षकांचे फोन त्याला पुरतात.

म्हणून माझी मागणी साधी आहे. पुस्तकातल्या क्यूआर कोडमागे धड्यावरचे आणखी एक भाषण नको. घरात मिळणाऱ्या वस्तूंनी काय करायचे, काय मोजायचे आणि बहुधा कुठे चुकेल, हे सांगणारी दोन मिनिटांची मराठी चित्रफीत तिथे असू द्या. तिच्यात उत्तर दाखवू नका. दहावीच्या प्रात्यक्षिकाच्या 20 गुणांपैकी काही गुण, ‘तुझे उत्तर पुस्तकाशी का जुळले नाही?’ या प्रश्नासाठी ठेवा. आणि शाळेला स्क्रीन देताना त्याच खोक्यात इनॅमलची तार, डझनभर सेल, चुंबके, चार भिंगे आणि एक मोजपट्टीही पाठवा.

आपली,
एक विज्ञान शिक्षिका, जि. सातारा